ग्रेस्केलमध्ये चित्र जमतं, रंग चढवला की मातकट होतं

अर्धवट_रेघ

जाणकारांनो, जरा मदत हवी आहे.

मी डिजिटल कन्सेप्ट पेंटिंग शिकतोय, स्वतःचं स्वतःच. सध्या हातात असलेलं चित्र असं आहे: अरुंद घळीच्या तोंडाशी एक प्रचंड पडका दरवाजा, कमानीखाली मशाल घेऊन उभा असलेला माणूस आणि वर संध्याकाळ सरतानाचं आभाळ. दरवाजाचा अवाढव्यपणा कळावा म्हणून माणूस मुद्दाम लहान ठेवलाय.

जिथे विचारावं तिथे एकच सल्ला मिळतो, की आधी ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त राखाडी छटांत, व्हॅल्यू (कुठे किती उजळ, किती गडद) लावून घ्या, रंगाचं मग बघू. तसंच करतोय. पांढऱ्या कॅनव्हासवर मऊ ब्रशने सुरुवात करतो, मग दगडांचे सांधे, भेगा, वेली असं सगळं राखाडीत पूर्ण करतो. तोवर चित्र बरं दिसतं. मग वर कलर मोडचा लेयर (रंगाचा वेगळा थर), त्यावर ओव्हरले मोडचा, आणि तिथे घोडं पेंड खातं. दगड मातकट, आभाळ धुरकट, आणि मशाल तर पेटलेलीच वाटत नाही. राखाडीत ज्वाळा जवळजवळ पांढरी होती. तिच्यावर कितीही भडक नारिंगी फिरवला तरी फिकट बदामीच्या पुढे जात नाही.

आणखी एक कोडं. रंगीत चित्र डीसॅच्युरेट करून, म्हणजे रंग काढून राखाडी करून बघितलं की मूळच्या ग्रेस्केलशी जुळतच नाही. मग मी इतकी मेहनत घेऊन लावलेल्या व्हॅल्यू गेल्या कुठे?

तर विचारायचं हे, की व्हॅल्यू स्टडी किती तपशिलात करायचा, त्यावर रंग कसा चढवायचा, आणि थेट रंगातच सुरुवात केली तर काही बिघडतं का?

टिंबटिंब

मीही याच बोटीत. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

कोळसेवाला

अर्धवट_रेघ, तुम्ही चित्राचं वर्णन छान केलंय, म्हणून त्या चित्रावरच बोलतो. मी गेमसाठी परिसर रंगवतो. डोंगर, इमारती, पडझड, हेच रोजचं काम, त्यामुळे पडके दरवाजे बरेच झालेत.

पहिली गोष्ट, तुम्ही जे करताय त्याला मी व्हॅल्यू स्टडी म्हणणार नाही. ते राखाडीत रंगवलेलं पूर्ण चित्र आहे. भेगा आणि वेली आल्या म्हणजे स्टडी केव्हाच मागे पडला. स्टडीला एकच काम असतं: काय कशापासून सुटून दिसणार आणि काय कशात मिसळून जाणार, एवढं ठरवणं. हे ठरलं की तो संपला. मग तो फेकून दिला तरी चालतो. मी तर बऱ्याचदा देतोच.

करायचा कसा? कॅनव्हास घ्या ३०० पिक्सेल रुंदीचा. हो, तीनशेच. मोठा घेतलात की हात तपशिलाकडे धावतो. तीन राखाडी ठरवा, समजा ४०, ११० आणि १९० (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). लॅसोने (हाताने घेर काढून निवडायचं साधन) आकार निवडायचा आणि सपाट भरायचा. ब्रश वापरायचाच असेल तर कडक कडेचा, ओपॅसिटी पूर्ण, पेनच्या दाबाने बदलणारी अपारदर्शकता बंद. मऊ ब्रशला इथे बंदी आहे असं समजा. मऊ ब्रश दोन राखाडींच्या मध्ये आणखी पंचवीस राखाडी तयार करतो आणि निर्णय घ्यायचा राहूनच जातो. कुठलाही आकार एकतर या गटात नाहीतर त्या गटात, अशी जबरदस्ती झाली की आपण डोकं चालवायला लागतो.

आता तुमचा दरवाजा. कमानीतून पलीकडे काय दिसतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते चित्राची सगळी गोम तिथे आहे. पलीकडचं आभाळ दिसत असेल तर माणूस उजेडावर काळा आकार म्हणून उठून दिसेल, एकदम स्वच्छ. पण मग मशालीला कामच उरत नाही, कारण उजळ पार्श्वभूमीवर उजळ ज्वाळा. कमानीत काळोख असेल तर उलटं: माणसाची मशालीकडची बाजू उजळ, बाकी सगळं अंधारात बुडालेलं, आणि मशाल हाच चित्राचा राजा. दोन्ही चालतात. दोन्हींचं थोडं थोडं घेतलं तर माणूस हरवतो. कमान मधल्या राखाडीत, माणूसही मधल्या राखाडीत, आणि मग त्याला सोडवायला कडेने पांढरी रेघ मारावी लागते. ती रेघ मी पोर्टफोलिओंमध्ये इतक्यांदा बघितलीय की आता दुरून ओळखतो.

समजा काळोख घेतला. मग आभाळाला १९० देऊन चालणार नाही. तेवढं उजळ आभाळ वर पसरलं की नजर तिकडे जाणार आणि मशाल बापडी कोपऱ्यात. आभाळ ११० वर आणा. घळीचे कडे आणि दरवाजा मिळून ४० चा एक मोठा आकार होऊ द्या, त्यांच्यामधली सीमा दिसली नाही तरी घाबरू नका. १९० फक्त ज्वाळेसाठी आणि ती जे उजळवते त्यासाठी: माणसाचा खांदा, चेहऱ्याची एक बाजू, कमानीचे दोन-तीन दगड, पायाखालचा तुकडा. बस्स. सगळ्या चित्रात १९० इतका कमी आहे म्हणूनच तो चमकतो. तिन्ही राखाडींना सारखा वाटा दिला की चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायला लागतं.

आभाळ इतकं खाली आणायला मन धजत नाही, कारण डोकं सांगत असतं की आभाळ म्हणजे उजेड. डोक्याचं ऐकू नका. एडवर्ड अॅडेलसन यांचं १९९५ मधलं ते चौकटींचं प्रसिद्ध चित्र शोधून बघा: पटावर दंडगोलाची सावली पडलेली, सावलीतली पांढरी चौकट आणि उजेडातली काळी चौकट. दोन्ही तंतोतंत एकाच राखाडीच्या आहेत. आयड्रॉपर (रंग मोजायचं साधन) लावून खात्री केली तरी डोळा मानत नाही. आजूबाजूला काय आहे त्यावर राखाडी उजळ वाटणार की काळपट, हे ठरतं. म्हणून चाळीसच्या शेजारचा ११० डोळ्याला खुशाल आभाळ वाटतो.

असे निदान पाच-सहा थंबनेल, म्हणजे छोटे कच्चे आराखडे करा, प्रत्येकात राखाडींची वाटणी बदलून. कमानीत उजेड, कमानीत काळोख, पुढचा खडक काळा, पुढचा खडक उजळ. मग सगळे एका पानावर मांडा आणि खुर्ची मागे ढकलून डोळे किलकिले करून बघा. माणूस कुठे आहे हे लगेच सापडतं त्यालाच पुढे न्यायचं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, थेट रंगात सुरुवात करायला काहीच हरकत नाही, फक्त व्हॅल्यूचा निर्णय आधी कुठेतरी झालेला हवा. मी स्वतः राखाडीवर रंग चढवतच नाही. थंबनेल कोपऱ्यात ठेवतो आणि नव्या कॅनव्हासवर नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे खालचं सरळ झाकणारा रंग लावतो. थंबनेल नकाशासारखा बघायचा. त्याच्यावरच घर बांधायला जाऊ नये.

पिक्सेलपंत

कोळसेवाला यांच्याशी सहमत. मशाल का पेटत नाही आणि व्हॅल्यू गेल्या कुठे, या दोन्हींना मात्र साधं गणित आहे, ते मी सांगतो.

कलर मोड खालच्या लेयरची ल्युमिनॉसिटी, म्हणजे मोजलेला उजेड, जशीच्या तशी ठेवतो आणि फक्त छटा आणि तीव्रता वरची घेतो. ती ल्युमिनॉसिटी साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा अशा वजनाने निघते. आता भडक नारिंगी घ्या, लाल २५५, हिरवा १४०, निळा ०. त्याची ल्युमिनॉसिटी येते १५९ च्या आसपास. तुमची ज्वाळा राखाडीत २४० असेल तर २४० ला भडक नारिंगी अस्तित्वातच नाही. तिथे मिळतो तो फिकट बदामी. सॉफ्टवेअर बरोबर वागतंय, तुम्ही मागताय तो रंग त्या व्हॅल्यूला नाही.

प्रत्येक रंगाची अशी एक जागा असते जिथे तो सगळ्यात भडक होतो. याच हिशेबाने शुद्ध पिवळा २२७ ला, हिरवा १५० ला, लाल ७६ ला आणि निळा थेट २८ ला. मधल्या राखाडीवर निळा चढवला की तो विटलेला दिसणार आणि गडद राखाडीवर पिवळा चढवला की शेवाळी. तुमचे दगड मातकट होतायत ते बहुतेक यामुळेच. उबदार रंग गडद राखाडीवर पडतायत.

म्हणजे मशालीचं असं करायचं: गाभा पिवळसर पांढरा, २३० च्या वर, अगदी छोटा. त्याच्याभोवती १६० च्या आसपास भडक नारिंगी. त्याबाहेर ७०-८० ला लाल. मग अंधार. उजेडाचा गोळा पांढऱ्याने मोठा करायला गेलात तर रंग जाईल.

दुसरं कोडं. फोटोशॉपमधलं डीसॅच्युरेट, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-यू, ही वजनं वापरतच नाही. लाल, हिरवा, निळा यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेतं आणि दोन्हींची सरासरी काढतं. शुद्ध पिवळा, शुद्ध लाल, शुद्ध निळा, तिन्हींचा एकच राखाडी होतो, १२८. पिवळा आणि निळा सारखेच उजळ आहेत असं सांगणारं साधन व्हॅल्यू तपासायला काय कामाचं? तुमच्या व्हॅल्यू कलर लेयरमुळे गेलेल्या नाहीत, तुमचा आरसा वाकडा आहे. ओव्हरलेने मात्र खरोखर बदलल्या असतील, कारण तो मोड वरच्या रंगाप्रमाणे खालचा भाग उजळ किंवा गडद करतो.

त्याऐवजी सगळ्यात वर पूर्ण काळा भरलेला लेयर ठेवा, त्याचा मोड कलर करा आणि हवा तेव्हा त्या लेयरचं डोळ्याचं चिन्ह चालू-बंद करा. हे जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेन्यूतल्या प्रूफ सेटअपमध्ये जाऊन ग्रे गॅमा २.२ निवडून ठेवलं की कंट्रोल-वाय दाबून रंगीत आणि राखाडी यांत येजा करता येते, लेयर मध्ये येत नाही. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये डीसॅच्युरेट फिल्टरला पद्धत निवडता येते, तिथे ल्युमिनॉसिटीची निवडा, लाइटनेसची नको.

कलर पिकरमधल्या ब्राइटनेसच्या पट्टीवरही भरवसा नको. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोघांचाही ब्राइटनेस तिथे १०० दिसतो.

जाता जाता, सुरुवात पांढऱ्यावर नको. पांढऱ्यावर पडलेला पहिला फटकारा नेहमीच गरजेपेक्षा काळा वाटतो आणि मग सगळं चित्र फिकं राहतं. मधला राखाडी भरून घ्या. नेहमीच्या एसआरजीबीत (पडद्यावरचे रंग मोजायची नेहमीची पद्धत) डोळ्याला मधोमध वाटणारा राखाडी १२८ पेक्षा थोडा खाली, ११९ च्या आसपास येतो.

माती_आणि_मुखवटे

इथे सगळे ग्रेस्केलवर रंग चढवायच्या विरोधात दिसतायत, तर दुसऱ्या बाजूने मी बोलते.

माझं काम प्राण्यांचं. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांचं. त्यात आधी घाट कळणं महत्त्वाचं, जबड्याचं हाड कुठे वळतं, खांदा कुठे संपतो वगैरे, आणि राखाडीत ते फार निवांतपणे करता येतं कारण एका वेळी एकच काळजी. शिवाय एकच प्राणी चार कातड्यांत दाखवायचा असतो. राखाडी एकदा पक्का झाला की चार ग्रेडियंट मॅप (प्रत्येक राखाडीला एकेक रंग नेमून देणारं साधन) लावायचे, चार पर्याय तयार. थेट रंगात हे चार वेळा रंगवावं लागेल. कोळसेवाला दादांना आभाळाला चार कातडी चढवायची नसतात म्हणून त्यांना परवडतं :)

पण ग्रेडियंट मॅप हा शेवट समजू नका. त्यात काय होतं, एका व्हॅल्यूला एकच रंग मिळतो. सावलीतलं पांढरं पोट आणि उजेडातली काळी पाठ एकाच राखाडीवर आली तर दोघांना एकच रंग. खऱ्या प्रकाशात तसं नसतं. म्हणून त्यावर नॉर्मल मोडचा लेयर घेऊन अपारदर्शक रंगाने बराच भाग पुन्हा रंगवावा लागतो. विशेषतः उजेड संपून सावली सुरू होते तो पट्टा. कातडीवर तिथे रंग अधिक दाट दिसायला हवा, आणि राखाडीवरून आलेल्या चित्रात नेमका तिथेच तो मेलेला असतो. तुमचा मातकटपणा दगडाच्या त्या पट्ट्यात आहे का, ते एकदा बघा. मला दाट शंका आहे.

आणि "जुने चित्रकारही आधी राखाडीत करायचे" असं कुणी सांगितलं तर पूर्ण ऐकून घ्या. तैलरंगात राखाडी थरावर पारदर्शक रंगाचा पातळ हात दिला की प्रकाश त्यातून आत जाऊन खालच्या थरावरून परत येतो. त्यामुळे रंग चढतो आणि त्याबरोबर चित्र गडदही होतं. म्हणून खालचा थर हवा त्यापेक्षा उजळ ठेवावा लागतो. कलर मोड यातलं काहीच करत नाही, मल्टिप्लाय (रंग देताना खालचं गडद करणारा मोड) थोडंफार करतो. राखाडीवरूनच जायचं असेल तर राखाडी एक पायरी उजळ ठेवा, आधी मल्टिप्लायने रंग द्या, मग नॉर्मलने हात फिरवा. कलर मोड सगळ्यात शेवटी, छटा थोडी इकडे-तिकडे करायला.

कोळसेवाला

कातड्यांचा मुद्दा मान्य. प्राण्यांसाठी मीही राखाडीवरूनच गेलो असतो.

अर्धवट_रेघ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. ताई, शंका खरी निघाली, मातकटपणा नेमका त्या पट्ट्यातच आहे.

सांगितल्याप्रमाणे थंबनेल केले. काळोखी कमानीचा घेतलाय. तीन राखाडीतच माणूस असा दिसायला लागला की आधीच्या फाइलमधल्या वेलींकडे बघवत नाही. रंग नव्या कॅनव्हासवर नॉर्मलमध्ये टाकतोय, वर काळा कलर लेयर ठेवलाय तपासायला.

दोन अडचणी. दूरचा कडा आणि आभाळ दोन्ही ११० मध्ये आले, त्यामुळे कडा गायब. त्याला चौथा राखाडी द्यायचा का? आणि माणसाच्या अंगावर लाल शाल टाकली, रंगात ती चांगली उजळ दिसते, पण तपासायचा लेयर लावला की अंधारात जाते. यातलं खरं काय मानायचं?

पिक्सेलपंत

शालीचं मी सांगतो. दोन्ही खरं. भडक रंग डोळ्याला त्याच्या मोजलेल्या उजेडापेक्षा जास्त उजळ वाटतो, याला हेल्महोल्ट्झ-कोलराउश परिणाम म्हणतात. लाल, निळा आणि जांभळा यांत तो जास्त जाणवतो. राखाडी लेयर फक्त मोजमाप दाखवतो. शाल राखाडीतही सुटून दिसायला हवी असेल तर मशालीकडच्या कडेला नारिंगीकडे झुकवा, व्हॅल्यू आपोआप वर येईल. बाकीची शाल अंधारात गेली तर जाऊ द्या.

कोळसेवाला

कडा आणि आभाळ एकाच राखाडीत आले हे वाईट नाही. कडा नजरेने शोधावा अशी तुमची इच्छा आहे का? नसेल तर तो हरवलेलाच बरा. आभाळ किंचित जांभळट आणि कडा निळसर केला की व्हॅल्यू न बदलता दोन्ही वेगळे कळतात, आणि तरीही मशालीशी भांडत नाहीत. मोनेच्या १८७२ च्या सूर्योदयाच्या चित्रात नारिंगी सूर्य आणि भोवतालचं करडं आभाळ यांचा उजेड जवळजवळ सारखा आहे. ते राखाडीत बघितलं तर सूर्य जवळपास नाहीसा होतो. सगळं काही व्हॅल्यूनेच सुटलं पाहिजे असं नाही. फक्त जे व्हॅल्यूने सोडवायचं नाही, ते आपण ठरवून सोडलेलं असावं.

कडा हवाच असेल तर चौथा राखाडी ११० च्या थोडाच खाली ठेवा, ९५ वगैरे. ४० च्या जवळ नेऊ नका. अंतर वाढतं तशी मधली हवा आपला उजेड मिसळत जाते आणि सगळ्यात आधी गडद भाग फिके पडतात. लांबच्या कड्याच्या भेगेत जवळच्या दरवाजाइतका काळा आला की कडा पुढे उडी मारून येतो आणि घळीची खोली संपते.

आणि हो, कमानीच्या दगडांवर मशालीचा उजेड फार वर जाऊ देऊ नका. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. माणसाच्या डोक्याच्या एक-दोन उंची वर गेलात की तिथे ४० च ठेवा. फाइल इथे टाका, रंगीत आणि राखाडी दोन्ही, म्हणजे त्यावर खुणा करून देता येतील.